पेट्रोल ओरडतं, ऑईल गप्प बसतं!

मित्रांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते.

गाडीच्या पोटात असतं, पण गाडी त्याच्यावर चालत नाही. असलं तर कुणाला आठवत नाही आणि नसलं तर गाडीच उरत नाही. सांगा पाहू, काय ते?

पेट्रोल म्हणालात? चूक! गाडी पेट्रोलवरच तर चालते. हवा? छे, हवा असते चाकात. उत्तर आहे, इंजिन ऑईल.

घरी बाबांना, काकांना किंवा ताईला एक प्रश्न विचारून बघा. "गाडीत पेट्रोल किती आहे?" उत्तर पटकन येईल. "अर्धी टाकी आहे", "रिझर्व्हला लागलीय", "कालच शंभरचं टाकलं". आता दुसरा प्रश्न विचारा. "आणि ऑईल किती आहे?" बहुतेक घरांत यावर थोडा वेळ शांतता पसरेल. मग उत्तर येईल, "असेल की! मागे सर्व्हिसिंगला टाकली होती ना!"

या "असेल की" मुळेच कितीतरी चांगल्या गाड्यांची इंजिनं बाद होतात. ती कशी, हेच आज आपण बघणार आहोत.

इंजिनात चाललंय तरी काय?

आपल्याकडे गावोगाव दिसणारी गाडी म्हणजे स्प्लेंडर. ती १९९४ साली बाजारात आली. तिचं इंजिन ९७.२ सीसीचं, म्हणजे शंभराच्या जरासं आत. त्यात एक गोल धातूचा डबा पुढे-मागे सरकत असतो. तोच पिस्टन. ज्यात तो सरकतो ती नळी म्हणजे सिलिंडर. गॅरेजवाले सिलिंडरला 'ब्लॉक' म्हणतात. पिस्टन एका वेळी सुमारे ५ सेंटिमीटर सरकतो. तुमच्या पट्टीवर मोजून बघा, किती थोडं अंतर आहे ते!

आता पाटी-पेन्सिल घ्या. गाडी जोरात पळत असताना इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेतं असं धरू. म्हणजे सेकंदाला १०० फेरे. एका फेऱ्यात पिस्टन ५ सेंटिमीटर पुढे आणि ५ सेंटिमीटर मागे जातो, म्हणजे झाले १० सेंटिमीटर. शंभर फेऱ्यांचे किती? १००० सेंटिमीटर, म्हणजे १० मीटर. एका सेकंदात १० मीटर! तासाला किती होतील? ३६ किलोमीटर!

मंडळी, हा गाडीचा वेग नाही बरं का. हा एकट्या पिस्टनचा सरासरी वेग आहे. तोही सरळ रस्त्यावर नाही, तर वीतभर सुद्धा नसलेल्या नळीत, आणि सेकंदाला दोनशे वेळा थांबून, उलटं वळून!

वर त्याच्या डोक्यावर पेट्रोलचा भडका उडत असतो. त्या क्षणी तिथला जळता वायू २००० अंश सेल्सिअसच्याही वर जातो. पिस्टन असतो ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, आणि शुद्ध ॲल्युमिनियम तर ६६० अंशांनाच वितळतं. मग पिस्टन वितळत का नाही? कारण भडका क्षणभराचाच असतो, आणि पिस्टनमधली उष्णता सतत बाहेर काढून नेली जाते. ती नेतात सिलिंडरवरच्या पातळ पाकळ्या, वाऱ्याची झुळूक आणि आपलं गप्प बसणारं ऑईल.

करून पाहा

दोन्ही तळहात कोरडे करा. एकमेकांवर जोरात दाबून वीस वेळा घासा. चटका बसला ना? आता तळहातावर खोबरेल तेलाचे दोन-चार थेंब घ्या आणि पुन्हा तसेच वीस वेळा घासा. हात सुळकन सरकतात आणि तितके तापतही नाहीत.

काय झालं? आधी कातडी कातडीला घासत होती. आता मध्ये तेलाचा थर आला. इंजिनातही हेच घडतं. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधली फट केसाच्या जाडीहूनही कमी असते. त्या फटीत ऑईलचा पातळ पापुद्रा असतो. जोवर हा पापुद्रा शाबूत आहे तोवर धातू धातूला लागत नाही.

बैलगाडी पाहिली असेल, तर तिच्या आसाला वंगण घालतात हेही तुम्हाला ठाऊक असेल. वंगण नसलं की चाक कुरकुरतं, बैल दमतात, आस झिजतो. गोष्ट तीच. फरक एवढाच की बैलगाडीचं चाक कुरकुरून आधी सांगतं.

बूच उडालं आणि शोध लागला!

हा पापुद्रा किती ताकदवान असतो, याची एक खरी गोष्ट सांगते.

इंग्लंडमध्ये बोशॅम्प टॉवर नावाचे एक इंजिनिअर होते. रेल्वेच्या डब्यांचे आस ज्या पितळी बेअरिंगमध्ये फिरतात, त्यांना तेल कसं द्यावं याचे ते प्रयोग करत होते. १८८३ साली त्यांनी आपला अहवाल प्रसिद्ध केला. प्रयोग करताना त्यांनी बेअरिंगला वरून तेल सोडण्यासाठी एक भोक पाडलं. पण झालं उलटंच! आस फिरू लागला की तेल आत जाण्याऐवजी भोकातून वर यायला लागलं. टॉवरसाहेबांनी भोकाला बूच लावलं. बूच बाहेर! मग लाकडी खुंटी ठोकली. तीही बाहेर!

शेवटी त्यांनी तिथे दाब मोजायचं यंत्र बसवलं. त्याचा काटा दर चौरस इंचाला २०० पौंडांच्याही पलीकडे गेला. मोटारसायकलच्या चाकात आपण साधारण ३० पौंड हवा भरतो. म्हणजे त्याच्या सहा-सात पट दाब त्या पातळशा तेलात होता!

हा दाब आला कुठून? कुणी पंप मारत नव्हतं. फिरणारा आसच तेलाला आपल्याबरोबर ओढून अरुंद फटीत कोंबत होता, आणि ते कोंबलेलं तेल वरचं सगळं ओझं उचलून धरत होतं. तलावाच्या पाण्यावर चपटा दगड फेकून तुम्ही भाकऱ्या काढता ना? वेगात असेपर्यंत पाणी दगडाला वर उचलतं. तसंच काहीसं. पुढे १८८६ साली मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनॉल्ड्स या प्राध्यापकांनी यामागचं गणित मांडलं. आजही इंजिनाच्या बेअरिंगचा विचार करताना तेच गणित कामी येतं.

म्हणजे फिरणारे भाग अक्षरशः ऑईलवर तरंगत असतात. पण तरंगायला आधी ऑईल तर हवं!

एका लिटरची वारी

शंभर सीसीच्या गाडीत साधारण लिटरभर ऑईल मावतं. एवढंसं ऑईल इंजिनाच्या तळाशी साठलेलं असतं. तिथून एक छोटा पंप ते उचलतो. जाळीतून गाळून काही ऑईल क्रँककडे जातं, काही वर हेडमध्ये, जिथे व्हॉल्व उघडणारा कॅम फिरतो. क्रँकवरून उडणारे शिंतोडे पिस्टनला न्हाऊ घालतात. क्लच आणि गिअरही याच ऑईलमध्ये बुडालेले असतात. काम झालं की ऑईल ओघळून परत तळाशी येतं आणि पुन्हा वारीला निघतं.

या वारीत ते पाच कामं करतं. घर्षण कमी करतं. उष्णता वाहून नेतं. धातूचे बारीक कण आणि काजळी आपल्या अंगावर घेतं, म्हणून तर ते काळं पडतं. पिस्टनच्या रिंगांची फट भरून दाब निसटू देत नाही. आणि आतल्या भागांना गंज चढू देत नाही.

घरात पाच जणांचं काम एकटी आई करते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, तसं झालं की नाही हे?

गॅरेजातला वर्ग

परिसर अभ्यासाच्या तासाला एकदा मी चौथीच्या मुलांना घेऊन बाजारपेठेतल्या गॅरेजात गेले होते. टेबलावर एक इंजिन उघडून ठेवलं होतं. ते होतं वाड्या-वस्त्यांवरून दूध गोळा करून डेअरीवर पोचवणाऱ्या एका काकांच्या गाडीचं. दोन्ही बाजूंना भरलेले कॅन घेऊन चढ चढताना गाडी अचानक अडकली होती. उन्हात दोन तास गेले आणि त्या दिवशीचं सगळं दूध नासलं.

मिस्त्रीकाका म्हणाले, "बाई, ह्याच्यात लिटरभर ऑईल पाहिजे. निघालं किती सांगू? अर्धा कप चहाएवढं!"

मग त्यांनी एकेक भाग मुलांच्या हातात दिला. हे सगळं कोणत्या क्रमाने बिघडलं, तेही सांगितलं.

"ऑईल कमी झालं की आधी काय होतं? थोड्या माणसांवर सगळं काम पडलं तर ती लवकर दमतात ना? तसंच थोडं ऑईल लवकर तापतं, लवकर पातळ पडतं. मग चढावर किंवा ब्रेक मारल्यावर ते एका बाजूला जातं आणि पंपाच्या तोंडाशी ऑईलऐवजी हवा येते. पंप हवाच ओढतो. वरच्या हेडला ऑईल पोचत नाही. हा बघा कॅम."

कॅमचा उंचवटा चकचकीत असायला हवा होता. तो खरवडल्यासारखा झाला होता.

"इथून टकटक आवाज येतो. तरी गाडी चालते. मग क्रँकचं बेअरिंग झिजतं. तिथून खडखड येते. तरी गाडी चालते. शेवटी हा पिस्टन."

पिस्टनच्या अंगावर मांजराने नखं ओढावीत तशा उभ्या रेघा होत्या. ब्लॉकच्या आतही तशाच. मुलांनी बोटं फिरवून पाहिल्या.

हे का झालं, ते आपण विज्ञानाच्या भाषेत समजून घेऊ. तापल्यावर धातू प्रसरण पावतो. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि ब्लॉकची आतली नळी लोखंडी. ऑईल उष्णता नेईनासं झालं की पिस्टन फुगतो, पण नळी तेवढी रुंदावत नाही. फट संपते. धातू धातूला घासतो, आणखी तापतो, आणि एका क्षणी पिस्टन नळीत चिकटून बसतो. यालाच म्हणतात इंजिन जाम होणं, किंवा गॅरेजच्या भाषेत 'सीझ' होणं.

एका मुलीने विचारलं, "पण काका, मग गाडी आधीच का नाही थांबली?"

मिस्त्रीकाका हसले. म्हणाले, "बाळा, पेट्रोल संपलं की गाडी थांबते. ऑईल संपलं तर गाडी थांबत नाही, इंजिनच थांबतं."

मित्रांनो, या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच. पेट्रोल संपलं तर काय होतं? गाडी ढकलत पंपावर न्यायची. अर्ध्या तासाचा त्रास. पेट्रोल टाकलं की गाडी पुन्हा नव्यासारखी. पण ऑईल संपल्यावर इंजिनात जे खरवडलं गेलं, ते नंतर कितीही ऑईल ओतलं तरी भरून येत नाही. ब्लॉक-पिस्टन बदला, क्रँकचं काम करा, कॅम बदला. हजारो रुपयांचा खर्च. दूधवाल्या काकांची तर रोजची कमाईच गाडीवर होती. इंजिन तयार होईपर्यंत ते शेजाऱ्याची सायकल घेऊन जात होते. सायकलवर कॅन मावायचे निम्मेच.

आजोबांच्या लूनाची गोष्ट वेगळी

आजोबांना विचारा. त्यांच्याकडे लूना किंवा जुनी चेतक असेल, तर ते सांगतील, "आम्ही पंपावर पेट्रोलबरोबरच ऑईल टाकायचो." त्या गाड्या टू-स्ट्रोक होत्या. त्यांच्यात ऑईल पेट्रोलमध्येच मिसळायचं आणि पेट्रोलबरोबर जळून जायचं. म्हणून मागून निळसर धूर निघायचा. ऑईल घालायचं राहिलं तर ते इंजिनही जाम व्हायचंच. पण दर वेळी पेट्रोल भरताना ऑईलची आठवण मात्र आपोआप व्हायची.

मग १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० ही फोर-स्ट्रोक गाडी आली. तिच्या जाहिरातीचा अर्थ असा होता, की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा! पेट्रोलच्या बाबतीत ते ठीकच होतं, कारण गाडी फार थोड्या पेट्रोलवर लांब पळायची. पण फोर-स्ट्रोक गाडीत ऑईल इंजिनाच्या पोटात वेगळं राहतं. पंपावर ते आठवत नाही. त्यामुळे लोक पेट्रोलबरोबर ऑईललाही विसरू लागले!

आणि गंमत म्हणजे पेट्रोलला काटा असतो, पण आपल्या पुष्कळशा छोट्या गाड्यांना ऑईल कमी झाल्याचं सांगणारा दिवा नसतो. नव्या गाड्यांवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा दिसतो. पण तो सहसा पेट्रोल आणि हवा यांचा हिशोब बिघडला की लागतो. तळाशी ऑईल किती उरलंय हे तो सांगेलच असं नाही.

ऑईल जातं तरी कुठे?

गाडी तर ऑईलवर चालत नाही. मग ते कमी का होतं? कारणं दोनच. एक गळती. खालचा बोल्ट नीट बसला नाही, पॅकिंग फाटलं किंवा ऑईल सील कडक झालं, की थेंब थेंब गळतं. दुसरं जळणं. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्वची सील झिजली, की ऑईल थोडं थोडं भडक्याच्या जागी शिरतं आणि जळून जातं. अशा वेळी मिस्त्री म्हणतात, "गाडी ऑईल खाते." अगदी ठणठणीत इंजिनसुद्धा थोडंसं ऑईल खातंच.

म्हणून गाडीच्या बारीकसारीक खुणांकडे लक्ष ठेवा. सकाळी गाडी काढल्यावर जमिनीवर काळा डाग दिसला, तर समजा गळती. धूर निळसर दिसला, तर समजा ऑईल जळतंय. (काळा धूर मात्र जास्तीच्या पेट्रोलचा.) जळक्या तेलाचा वास, नेहमीपेक्षा जास्त ताप, चढावर दम लागणं, हेडमधून टकटक या सगळ्या तक्रारी ऐकण्यासारख्या आहेत.

आणि एक गोष्ट मोठ्यांना नक्की सांगून ठेवा. चालत्या गाडीचं इंजिन जाम झालं तर मागचं चाक जागच्या जागी अडकतं आणि गाडी घसरते. अशा वेळी ताबडतोब क्लच दाबायचा, म्हणजे चाक इंजिनापासून सुटं होतं. मग गाडी हळूहळू बाजूला घ्यायची. "बघू चालू होते का" म्हणत पुन्हा पुन्हा किक मारायची नाही.

दोन मिनिटांची तपासणी

हे काम मोठ्या माणसाबरोबरच करायचं. आणि सायलेन्सरपासून हात-पाय दूर ठेवायचे, तो फार तापतो.

१. गाडी सपाट जागेवर मेन स्टँडवर उभी करा. साइड स्टँडवर गाडी कलते आणि माप चुकतं.

२. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा. ऑईल तळाशी यायला आणखी दोन-तीन मिनिटं थांबा.

३. इंजिनाच्या बाजूला ऑईलचं झाकण असतं. त्याला खाली एक छोटी पट्टी असते. झाकण काढून पट्टी स्वच्छ फडक्याने पुसा.

४. पट्टी पुन्हा आत ठेवा. स्प्लेंडरसारख्या गाड्यांत या वेळी झाकणाचे आटे फिरवायचे नाहीत, नुसतं टेकवायचं. मग बाहेर काढून बघा.

५. पट्टीवर दोन खुणा असतात. ऑईल दोन खुणांच्या मध्ये हवं. खालच्या खुणेच्या खाली असेल, तर गाडी चालवायची नाही. आधी ऑईल घालायचं.

काही गाड्यांत पट्टीऐवजी एक छोटी काचेची खिडकी असते. तिच्या बाहेर दोन खुणा असतात. आपल्या गाडीची पद्धत कोणती, हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात चित्रासकट दिलेलं असतं. ते पुस्तक बहुतेक घरांत कपाटात कोरंच्या कोरं पडलेलं असतं. शोधून काढा!

"कमी नको ना, मग जास्तच ओता," असंही करू नका. फार ऑईल झालं की फिरणारा क्रँक ते ताकासारखं घुसळतो. त्याचा फेस होतो, आणि फेसाचा पापुद्रा ओझं पेलत नाही.

ऑईल कोणतं घालायचं हेही पुस्तकातच असतं. डब्यावर १०डब्ल्यू-३० असं काहीतरी लिहिलेलं दिसेल. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा थंडीत ऑईल किती वाहतं ते सांगतो, दुसरा तापल्यावर ते किती दाट राहतं ते. मोटारसायकलचा क्लच ऑईलमध्येच भिजलेला असतो, म्हणून मोटारसायकलसाठीचंच ऑईल घ्यावं. मोटारीचं उरलेलं ऑईल ओतलं तर क्लच घसरू शकतो.

आणि काढलेलं जळकं ऑईल? ते गटारात, ओढ्यात किंवा शेताच्या बांधावर ओतायचं नाही. आपल्या देशाच्या २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं. ते गॅरेजातच द्यावं, म्हणजे तिथून ते पुन्हा शुद्ध करायला पाठवता येतं.

तुमचं काम

गिअरची मोटारसायकल चालवायचं लायसन तुम्हाला अठराव्या वर्षी मिळेल. तोवर गाडी चालवायची नाही. पण गाडीचे डॉक्टर व्हायला वयाची अट नाही! एक वही करा. पहिल्या पानावर गाडीचा नंबर आणि ऑईल बदलल्याची तारीख लिहा. दर रविवारी मोठ्यांबरोबर पट्टी बघा आणि तीन गोष्टी लिहा. तारीख, मीटरवरचे किलोमीटर, आणि ऑईल कुठल्या खुणेपाशी आहे.

चार-सहा रविवारांतच तुम्हाला कळेल, आपली गाडी ऑईल खाते की नाही आणि खाते तर किती. घरातल्या मोठ्यांनाही ठाऊक नसलेली गोष्ट तुमच्या वहीत असेल. आणि कुणी विचारलं, "गाडीत ऑईल किती आहे?" तर "असेल की" असं उत्तर तुमच्या घरातून येणार नाही.